‘कसं’चा अहवाल आणि ‘काहून’चा अहवाल

गेल्या उन्हाळ्यात खापरखेड्याकडचे एक ओळखीचे भाऊ स्कूटरच्या पायाशी गठ्ठा ठेवून आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी आले. माहितीच्या अधिकारात मिळवलेला अहवाल होता. पानाला २ रुपये, ७०० पानं, १४०० रुपये भरून आणलेला. एका बाजूनं झेरॉक्स, वरून सुतळी. दारात रद्दीवाला उभाच होता, म्हणून गमतीनं त्याच्या काट्यावर ठेवला. साडेतीन किलो भरला.

“ताई, तुमी हे असे रिपोर्ट मराठीत करता ना,” भाऊ म्हणाले, “मंग मले फक्त एवढं सांगा, हे बाड चांगलं हाय का खराब?”

मी बारा वर्षं पर्यावरण अहवालांच्या सारांशांचा मराठी अनुवाद करते. वाक्य जुळलं का, तक्त्यात शून्य गळलं का, ‘मायक्रोग्रॅम’चं ‘मिलिग्रॅम’ झालं का, हे डोळ्यांत तेल घालून पाहते. पण अहवाल मुळात बरा आहे की नाही, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. भाऊंना त्या दिवशी चहा पाजून पाठवलं. उत्तर द्यायला पावसाळा उजाडला.

भाऊंचा अहवाल एका प्रकल्पाचा नव्हता. विदर्भातल्या एका पट्ट्यात पुढच्या वीस वर्षांत खाणी, वीज, रस्ते आणि वस्ती कशी वाढावी याचा एक आराखडा होता, आणि त्या आराखड्यानं पर्यावरणाचं काय होईल हे तपासणारं हे बाड. अशा तपासणीला स्ट्रॅटेजिक एन्व्हायर्नमेंटल असेसमेंट म्हणतात. सरकारी मराठीत धोरणात्मक पर्यावरणीय मूल्यांकन. तोंडात बसेल असं नाव एसईए. तिच्याआधी आलेला आणि आपल्याला जास्त ओळखीचा प्रकार म्हणजे ईआयए, एन्व्हायर्नमेंटल इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे एकेका प्रकल्पाच्या पर्यावरणावरच्या परिणामांची तपासणी. जनसुनावणीच्या मांडवात टेबलावर ठेवलेला असतो तो.

दोन्हींतला फरक आमच्या नागपुरी बोलीत एकेका शब्दात सांगता येतो. ईआयए विचारतो ‘कसं’. एसईए विचारते ‘काहून’, म्हणजे का.

नागपूरशेजारच्या कोराडी वीज केंद्राचंच घ्या. तिथे ६६० मेगावॅटचे ३ मोठे संच आहेत. तिथून १० किलोमीटरच्या आत खापरखेडा, २१० मेगावॅटचे ४ संच आणि ५०० चा १. पूर्वेला मौद्यात २,३२० मेगावॅट. ईआयए करताना प्रकल्पाभोवती साधारण १० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखतात आणि त्यातली हवा, पाणी, माती, झाडं, माणसं तपासतात. कोराडीचं वर्तुळ खापरखेड्यावरून जातं, खापरखेड्याचं कोराडीवरून. पण अहवाल ज्याचा त्याचा, आपापल्या संचापुरता. हवा मात्र दोघांची एकच.

कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी २ संच उभारण्यासाठी २९ मे २०२३ ला जनसुनावणी झाली. शहराला खेटून आणखी कोळसा काहून, हा प्रश्न त्या दिवसांत नागपुरात गाजला. प्रश्न रास्त होता. पण ज्या कागदावर सुनावणी होती, तो कागद हे उत्तर द्यायला बनलेलाच नसतो. चिमणी किती उंच, पाणी किती, राख कुठे, हे तो सांगतो. ईआयएच्या नमुन्यात पर्यायी जागा आणि तंत्रज्ञानाचं एक प्रकरण असतं, नाही असं नाही. पण वीज किती लागणार, ती कोळशाचीच का, आणि याच जिल्ह्यात का, हे त्याआधी कुठेतरी ठरून गेलेलं असतं. मांडवात माइक हातात आलेला माणूस दहा वर्षं उशिरा पोचलेला असतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

‘काहून’ वेळेवर न विचारल्यास काय होतं ते चंद्रपूरकरांना विचारा. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ पडले. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त वाईट. ४३ पट्टे ‘अतिप्रदूषित’ ठरले आणि जानेवारी २०१० मध्ये तिथल्या नव्या प्रकल्पांना स्थगिती आली. चंद्रपूर त्यातलंच एक. तिथली एकेक खाण, एकेक कारखाना आपापल्या कागदावर पास झालेला असू शकतो. बेरीज कोणी केली नव्हती.

आपल्याकडे एसईए आहे कुठे?

युरोपीय संघानं आराखड्यांच्या तपासणीचा निर्देश २००१ मध्ये काढला आणि सदस्य देशांना २१ जुलै २००४ पर्यंत तो आपल्या कायद्यात आणायला लावला. गंमत म्हणजे त्या निर्देशात ‘स्ट्रॅटेजिक’ हा शब्दच नाही. ‘ठरावीक आराखडे आणि कार्यक्रम’ एवढंच म्हटलंय. भारतात प्रकल्पांसाठीची पहिली अधिसूचना १९९४ ची, सध्याची १४ सप्टेंबर २००६ ची. दोन्ही प्रकल्पांपुरत्या. आराखड्यासाठी एसईए करायलाच हवी, असा कायदा आपल्याकडे नाही.

तरी नात्यातल्या गोष्टी आहेत. नदीखोऱ्यांचे एकत्रित परिणाम-अभ्यास होतात. एखादा प्रदेश किती भार सोसू शकेल याचे धारणक्षमता अभ्यास होतात, आणि आपल्या नागपुरातल्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेनं असे अभ्यास केलेले आहेत. परदेशी कर्जातून होणाऱ्या कामांत कधीकधी एसईए नावानिशी येते. भाऊंच्या हातातलं बाड याच कुळातलं. आणि कायद्याचा नमुना नसला की अहवाल कसाही लिहिता येतो, म्हणूनच तो तपासायचा कसा हे कळणं जास्त गरजेचं.

गुणपत्रिका, पण बेरीज नसलेली

अहवाल तपासण्याची एक जुनी आणि अजून चालणारी पद्धत मँचेस्टर विद्यापीठातल्या नॉर्मन ली आणि रेमंड कॉली यांची. १९९० च्या सुमारास त्यांनी ती ईआयएसाठी बसवली. पुढे त्याच धर्तीवर जमीन-वापर आराखड्यांच्या एसईएसाठी तक्ते तयार झाले. मला ती आवडली, कारण तिला ना सॉफ्टवेअर लागतं ना डिग्री. पेन्सिल आणि चिकाटी पुरते.

अहवालाला थेट मार्क द्यायचे नाहीत. आधी अगदी छोटे प्रश्न: हवा कुठे मोजली ते नकाशावर दाखवलंय का? कोणत्या महिन्यांत मोजली ते लिहिलंय का? अशा पाच-सहा छोट्या उत्तरांवरून एका मुद्द्याला श्रेणी, काही मुद्द्यांवरून एका भागाला, आणि मूळ तक्त्यातल्या चार भागांवरून अख्ख्या अहवालाला. म्हणजे पायापासून कळसाकडे. उलट केलं की चकचकीत कव्हर आणि रंगीत नकाशे आपल्याला आधीच गुंडाळून ठेवतात.

श्रेणी ए ते एफ. ए म्हणजे काम नीट झालंय, महत्त्वाचं काही सुटलेलं नाही. बी म्हणजे किरकोळ उणिवा. सी म्हणजे उणिवा आहेत, तरी चालेल. डी म्हणजे काही भाग चांगले जमलेत, पण एकूण पाहता चालणार नाही. ई म्हणजे मोठ्या उणिवा. एफ म्हणजे महत्त्वाची कामं केलीच नाहीत, किंवा केली ती वाया. खरा झगडा सी आणि डीच्या मधल्या रेघेवर. जेमतेम पास आणि जेमतेम नापास यांत दोन ओळींचं अंतर असतं, पण निर्णय त्याच रेघेवर फिरतो.

आता यात अक्षरं का, आकडे का नाहीत? मला आधी हा नुसता शिष्टपणा वाटला. मग लक्षात आलं. आकडे दिले की कोणीतरी सरासरी काढणारच. हवेच्या प्रकरणाला ९०, नकाशांना ९५, पर्यायांना १०, सरासरी ६५, अहवाल फर्स्ट क्लास! दहावीत गणितात नापास झालेल्या पोराला चित्रकलेच्या मार्कांनी पास करता येत नाही, तसंच हे. आणि एसईएमध्ये कुठला विषय गणित आणि कुठला चित्रकला, हे तपासणाऱ्यानं डोकं लावून ठरवायचं. अक्षरांची बेरीज होत नाही, म्हणून डोकं लावावंच लागतं.

दुसरा नियम: तपासणारे दोन. दोघांनी एकमेकांचं न बघता श्रेणी द्यायची, मग समोरासमोर बसून भांडायचं आणि एका अक्षरावर यायचं. भांडणात जे बाहेर पडतं ते बऱ्याचदा अक्षरापेक्षा मोलाचं असतं.

इतवारीतली तिसरी साडी

माझ्या मते एसईएचं गणित म्हणजे पर्यायांचं प्रकरण. बाकी सगळं बरं असून हे कच्चं असेल, तर तो अहवाल एसईए नाही. त्याला फार तर आराखड्याचं कौतुकपत्र म्हणता येईल.

नागपूरच्या इतवारी बाजारात साडी घ्यायला गेलं की अनुभवी दुकानदार आधी दोन अशा उलगडतो की बघवत नाहीत. एक भडक, एक मळखाऊ. मग तिसरी काढतो आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो. पाहिल्या आपण तीन, निवडली त्यानं. अहवालातही हेच चालतं. भाऊंच्या ७०० पानांत पर्यायांना अर्धं पान होतं. पर्याय एक, काहीच न करणे: ‘विकास खुंटेल.’ झालं, संपलं. पर्याय दोन, सगळं एकाच वेळी, जंगलासकट. हे कोणी मागितलंच नव्हतं. पर्याय तीन म्हणजे आराखडा, जो ‘समतोल’ असल्याचं आढळून आलं.

खरे पर्याय कसे दिसतात? नागपूर महानगर प्रदेशाचा पसारा साडेतीन हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. समजा, त्याच्या आराखड्यासोबत एसईए करायची आहे. तर विचारायचं: वाढ वर्धा रोडनं बुटीबोरीच्या अंगाला होऊ द्यायची, की कामठी-कन्हानकडे? काटोल रोडला गोरेवाड्याच्या जंगलाच्या कडेला किती जाऊ द्यायचं? उमरेडच्या बाजूला, जिथे जमिनीखाली कोळसा आहे, तिथे वर वस्ती मंजूर करायची का? हे पर्याय खरे, कारण यातल्या प्रत्येकाच्या बाजूनं भांडणारा माणूस शहरात सापडेल. मग सगळ्यांना एकच मोजपट्टी. पाणी कुठून, सांडपाणी कुठल्या नदीत, ओलिताची शेती किती जाणार, माणसांची रोजची ये-जा किती वाढणार. आणि तोट्याचा रकाना निवडलेल्या पर्यायालाही भरलेला हवा. तो कोरा दिसला की समजायचं, दुकानदार बोलतोय.

‘काहीच न करणे’ हा पर्याय तर सगळ्यात जास्त टाळला जातो, आणि तोच शिकवणारा असतो. नागपुरात आराखडा नाही म्हणजे शेतं जशीच्या तशी राहतील, असं थोडंच आहे! आराखडा नाही म्हणजे शेतात अनधिकृत लेआउट पडणार, गटार नसलेल्या गल्ल्या होणार, मग वीस वर्षांनी ते नियमित करा म्हणून मोर्चे निघणार. हे प्रामाणिकपणे लिहिलं, तर आराखड्याची बाजू उलट भक्कमच होते. तरी लोक ‘विकास खुंटेल’ लिहून मोकळे होतात. मला याचं कोडं आहे.

मार्चमधली नदी, सप्टेंबरमधली नदी

‘आज काय आहे’ या भागाला सगळे बेसलाइन म्हणतात. अहवालाची निम्मी जाडी यातच असते, कारण तक्ते भरणं सोपं. ईआयएसाठी साधारण एका ऋतूची, पावसाळा सोडून, मोजणी चालते. त्यामुळे कितीतरी अहवालांतलं जग कायम मार्च ते मेमध्ये अडकलेलं असतं.

त्या जगात नागपूरची नाग नदी म्हणजे काळं, बारीक, वास मारणारं पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि तीच नदी अंबाझरी लेआउट, डागा लेआउटच्या घरांत शिरली. मोरभवनच्या बसस्थानकात पाणी उभं राहिलं. मार्चच्या तक्त्यात ही नदी सापडत नाही. हवेचंही तसंच. मे महिन्यातल्या उन्हात धूर वर उडून जातो, डिसेंबरच्या रात्री थंड हवेसोबत तो खाली अडकून बसतो. तेच शहर, तोच धूर, आकडा वेगळा.

म्हणून एसईएत एका ऋतूचा फोटो पुरत नाही, चाल दिसावी लागते. तलाव वीस वर्षांत किती आक्रसला, विहिरी किती खोल गेल्या, आणि आराखडा आलाच नाही तर हे कुठवर जाईल. युरोपच्या निर्देशात हे शेवटचं स्पष्ट मागितलंय. बऱ्याच अहवालांत तेच गायब असतं.

सीमाही पाहायची. २०१९ च्या जुलैत नागपूरकरांना एक दिवसाआड पाणी मिळू लागलं. पाऊस लांबला होताच, पण शहराला पाणी देणाऱ्या पेंच धरणात वरून येणारं पाणीही आटलं होतं, कारण वर मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचं धरण झालं होतं. नागपूरच्या कुठल्याही आराखड्याच्या नकाशावर चौराई नाही. नकाशा जिल्ह्याच्या रेघेवर थांबतो, नदी थांबत नाही. पाण्याचं प्रकरण उघडायचं आणि नुसतं बघायचं: अभ्यासाची हद्द खोऱ्याची आहे की तालुक्याची?

वाघांनाही तालुका कळत नाही. पेंचच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ चौपदरी करायला घेतला तेव्हा प्राण्यांच्या वाटेचा प्रश्न कोर्टात लढावा लागला. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत ९ ठिकाणी रस्त्याखालून वाट ठेवली गेली, सगळ्यात लांब ७५० मीटरची. वाघ तिथून जातात, कॅमेऱ्यांत दिसलंय. चांगलंच झालं. पण ही वाट रस्त्यांचं जाळं कागदावर आखतानाच दिसायला हवी होती.

‘करण्यात येईल’

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. अनुवाद करताना मला एका क्रियापदाचा राग येऊ लागला. करण्यात येईल. घेण्यात येईल. राबवण्यात येईल. एकदा एकाच पानावर ११ वेळा आलं तेव्हा मी पेन खाली ठेवला. हे मराठी वाक्य व्याकरणानं निर्दोष आहे आणि त्यात माणूसच नाही. कोण करील? कधी? कशानं? केलं नाही तर?

हे वाक्य पाहा: ‘धूळ नियंत्रणासाठी योग्य ती उपाययोजना करण्यात येईल.’ आता तेच असं: ‘खाणीपासून रेल्वे सायडिंगपर्यंतच्या रस्त्यावर ऑक्टोबर ते जून रोज तीनदा पाणी मारायचं, हे काम खाण व्यवस्थापनाचं. गावातल्या शाळेच्या गच्चीवर धूळ मोजायचं यंत्र बसेल आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतील. सलग तीन दिवस मर्यादा ओलांडली तर चौथ्या दिवशी ट्रक बंद.’ दुसरं वाक्य मी रचलंय, कुठल्या अहवालातलं नाही. पण तपासणारा दुसऱ्या वाक्याला धरून जाब विचारू शकतो. पहिल्याला धरायला जागाच नाही, साबणासारखं निसटतं. अहवालाच्या कुठल्याही पानावर बोट ठेवा, आणि वाक्यातून ‘कोण’ आणि ‘कधी’ निघतं का बघा. पाच पानांत पाच वेळा नाही निघालं, तर त्या भागाला डीच्या वर देऊ नका.

दुसरा आवडता शब्द ‘नगण्य’. नगण्य म्हणजे मोजण्याइतकं नाही असं. पण मोजल्याशिवाय ते कळलं कसं, हे लिहिलेलं हवं.

याच्या उलट, ‘आम्हाला हे सांगता येत नाही’ असं ज्या अहवालात लिहिलंय, त्याच्याबद्दल माझा आदर वाढतो. भूजलाच्या जुन्या नोंदी मिळाल्या नाहीत, म्हणून हा अंदाज कच्चा आहे, असं म्हणायला धाडस लागतं. युरोपच्या निर्देशानुसार अहवालात अशा अडचणी सांगाव्याच लागतात. आपल्याकडे त्याला कमकुवतपणा समजतात. सगळं माहीत असलेल्या अहवालाला मी आता घाबरते.

नक्कल ओळखणं मात्र सोपं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या ईआयएत रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर उचललेला सापडला होता. कोकणात स्प्रूस आणि बर्चच्या जंगलातले पक्षी! तेव्हा झाडांची, पिकांची, सणांची नावं वाचा. आपल्या भागातला माणूस याबाबतीत कुठल्याही तज्ज्ञापेक्षा सरस.

बाकीचं थोडक्यात. सारांश मराठीत आहे का आणि तो मूळ अहवालाशी जुळतो का. लोकांनी घेतलेल्या हरकती छापल्यात का, आणि प्रत्येकीपुढे उत्तर आहे का, की नुसतं ‘नोंद घेतली’. आराखडा सुरू झाल्यावर कोण काय मोजणार. अहवालाचे पैसे कोणी दिले. या शेवटच्या मुद्द्यावर आपल्याकडे फार बोललं जातं आणि ते खरंही आहे, पण पैसे देणारा तोच असूनही चांगलं काम झालेलं मी पाहिलंय. नेदरलँड्समध्ये यावर एक उपाय आहे: स्वतंत्र आयोग अहवाल तपासतो आणि आपलं मत जाहीर करतो. लिहिणारा कोणाचाही असो, तपासणारा त्याचा नसतो.

बदललेली ओळ

हे सगळं वाचत गेले तशी एक खोच मनात राहिली. समजा अहवाल ए श्रेणीचा निघाला. पुढे काय? उत्तम अहवाल कपाटात आणि आराखडा जसाच्या तसा, असं सहज होऊ शकतं.

म्हणून शेवटचा प्रश्न, आणि वेळ कमी असेल तर पहिलाच: या अहवालामुळे आराखड्यातली कोणती ओळ बदलली? युरोपात आराखडा मंजूर झाल्यावर एक निवेदन काढावं लागतं. अहवालातलं काय घेतलं, लोकांच्या म्हणण्याचं काय केलं, आणि बाकीचे पर्याय सोडून हाच का निवडला. ओळ दाखवावी लागते. आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण ओळ शोधायला कोणाची परवानगी लागत नाही. आराखड्याचा आधीचा मसुदा आणि नंतरचा, दोन्ही शेजारी ठेवायचे. अलकनंदा-भागीरथी खोऱ्यातल्या जलविद्युत प्रकल्पांचा एकत्रित अभ्यास डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१२ मध्ये दिला आणि २४ प्रस्तावित प्रकल्प वगळा असं सुचवलं. पुढच्या वर्षी, केदारनाथच्या पुरानंतर, ऑगस्ट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या २४ प्रकल्पांचा प्रश्न उचलला आणि उत्तराखंडात नव्या जलविद्युत प्रकल्पांच्या मंजुऱ्या रोखल्या. ओळ बदलण्यासाठी तिथे आधी पूर यावा लागला.

ओळ बदलायची तर अहवाल आराखड्यासोबत सुरू व्हायला हवा, नंतर नाही. तारखा पाहा. भाऊंच्या बाडात आराखड्याच्या मंजुरीची तारीख आणि अहवालाचं काम कन्सल्टंटला दिल्याची तारीख, दोन्ही पहिल्या दहा पानांतच होत्या. काम दिलं होतं मंजुरीनंतर चार महिन्यांनी.

ऑगस्टमध्ये भाऊ परत आले. या वेळी त्यांनी पेन्सिल आणली होती. मी त्यांना ए ते एफ समजावलं आणि फक्त पर्यायांचं अर्धं पान पुढे केलं. ते वाचत असताना मी आत जाऊन माझी श्रेणी एका चिठ्ठीवर लिहून डब्याखाली ठेवली.

“डी,” भाऊ म्हणाले. “मेहनत तं केली हाय गड्यांनी. तक्ता आखला हाय.”

मी चिठ्ठी काढली. एफ.

“एफ काहून?” ते उखडलेच. “तीन पर्याय लिवले ना त्यायनं!”

“तिन्हींत तुमचं गाव कुठेय ते दाखवा.”

त्यांनी पान पुन्हा वाचलं. मग मागचं वाचलं, मग पुढचं. कांदेपोहे येईपर्यंत आम्ही भांडलो. त्यांचं म्हणणं, तक्ता आखणं म्हणजे प्रयत्न, आणि प्रयत्नाला एफ देणं अन्याय. माझं म्हणणं, दोन बुजगावणी उभी करणं म्हणजे प्रयत्न नव्हे. शेवटी ई वर मिटलं. भाऊंनी पेन्सिलीनं समासात ई लिहिला, त्याखाली तारीख टाकली, आणि विचारलं, “आता पाण्याचं पान कोणतं हाय?”